काशीभाऊ आणि नाखव्याचं इंजिन

काशीभाऊला नीट बघितलेली माणसं आमच्या पाखाडीत दोनच उरली होती. एक मी आणि एक माझी बायको द्वारकी. गेल्या भादव्यात द्वारकी गेली. आता मी एकटा.

लोक भेटायला येतात, म्हणतात, काकी फार चांगली होती हो. ती चांगली होती हे मला कशाला सांगायला पाहिजे? सारा जन्म माझ्याबरोबर काढला तिनं. तिच्याबद्दल मला लिहिता येत नाही. एकदा बसलो होतो, दोन ओळी झाल्या आणि कागद बाजूला सारला. पण संध्याकाळी जेवताना आम्ही दोघं ज्या माणसाच्या गोष्टी काढायचो, त्याच्याबद्दल लिहिता येईल असं वाटतं. मी सांगताना काही चुकलो की ती मधेच अडवायची. ‘तसं न्हाय हो, तुमी तवा माडावर होतात. खाली मी होते.’ आता अडवणारं कुणी नाही, म्हणून मलाच जपून सांगायला हवं.

मी पाडेली. माडावर चढून नारळ उतरवायचे हा माझा धंदा. शाळा चौथीपर्यंत, तीही अर्धी बांधावर काढली. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतून माझा जन्म गेला. माणसं इतरांना तोंडावरून ओळखू येतात, मला टाळूवरून. काशीभाऊची टाळू मधोमध चकाकायची आणि उजव्या कानावर एक विडी अडकवलेली असायची. ती विडी तो कधी ओढायचा नाही. मी विचारलं तर म्हणाला, ‘सोडली मी. पण तिला तसं सांगितलेलं न्हाय.’

त्याची वाडी आमच्या घराला लागून. पुढे नारळ-सुपारी आणि मागे दर्याच्या अंगाला एक मोकळा तुकडा. त्या तुकड्यात तो हिवाळ्यात पांढरा कांदा लावायचा. लग्न केलं नव्हतं. आई होती तोवर आई, ती गेल्यावर एकटा. ठेंगणा, मानेत जाड, आणि उजवा खांदा डाव्यापेक्षा चार बोटं खाली. सुपारी काढणारा गडी एका झाडाच्या शेंड्यावरून झोका घेऊन दुसरं झाड धरतो, खाली उतरत नाही. काशीभाऊ जवानीत तसा झोका घेताना चुकला. जीव वाचला, पण उजवा हात छातीच्या वर जाईना. कुदळ उगारणं त्या दिवसापासून बंद.

त्याच्या तऱ्हा सांगायच्या तर पुष्कळ. म्हाताऱ्या माडांना तो ‘तुमी’ म्हणायचा आणि नव्या रोपांना ‘तू’. मी माडाला कोयता लावायच्या आधी खालून सांगायचा, ‘गोप्या, त्यांचं डावं अंग दुखतंय, जरा सांभाळून.’ आणि खरंच त्या बाजूच्या झावळ्या किडलेल्या निघायच्या. कुणाकडून काही आणलं की भांडं रिकामं परत करायचा नाही, ही रीत तर सगळ्यांचीच. पण द्वारकीनं एकदा त्याला नुसता निरोप पाठवला तर त्यानं निरोप आणणाऱ्या पोराच्या हातात दोन शहाळी दिली. म्हणाला, निरोप रिकामा कसा धाडू?

आणि एक बोलणं त्याच्या तोंडात नेहमी असायचं. ‘न्हाय म्हनायला जीभ पुरते, गोप्या. व्हय म्हनायला कंबर लागते.’ त्याचा अर्थ मला तेव्हा कळत नव्हता. मी मान हलवायचो.

साठ-एकसष्टच्या सुमाराची गोष्ट. तेव्हा आमचा कुलाबा जिल्हा. मुंबईच्या एका शेटनं आमच्या बाजूला हवा खायला बंगला बांधला होता आणि मागच्या बागेसाठी विलायतेहून एक लहानसं यंत्र आणलं होतं. दोन चाकं, पुढे इंजिन, मागे नांगरासारखे दोन दांडे. माणसानं दांडे धरून मागून चालायचं, यंत्र जमीन उकरत पुढे जातं. शेट त्याला बागेचा ट्रॅक्टर म्हणायचा. आम्ही रेडा म्हणायचो, कारण तो तसाच फुरफुरायचा आणि तसाच मधेच अडून बसायचा. शेटच्या माळ्यानं त्याला तेल न घालता चालवलं आणि ते हिरवं इंजिन आतून चिकटून बसलं. शेटनं मुंबईत चौकशी केली. असलं इंजिन बनवायचंच बंद झालं, असं कळलं. पुढे बंगलाही विकायला काढला. जाताना काशीभाऊला म्हणाला, तू बागेला पाणी घातलंस, कधी काही मागितलं नाहीस, हे घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल.

काशीभाऊ तो मेलेला रेडा दोरीनं ओढत घरी घेऊन आला. सगळी पाखाडी हसली. पण मला त्याचा हिशेब कळला. त्याचा बैल त्या पावसात मेला होता. कांद्याच्या तुकड्याची कुदळणी आम्ही शेजारी मिळून करायचो, पण आपापलं काम आटोपून. तोवर रोपं वाफ्यातच वाढून पिवळी पडायची. दुसऱ्याच्या हाताची वाट बघणं त्याला आवडत नव्हतं. तो तसं म्हणायचा नाही, पण कुणी कुदळ मारत असताना तो तिथं उभा राहायचा नाही. घरात जाऊन भांडी घासत बसायचा.

रेडा होता, पण त्याला काळीज नव्हतं. ते मिळालं कोळीवाड्यात.

लक्ष्मण नाखवा म्हणजे काशीभाऊचा जिवाचा दोस्त. वाडीतले नारळ कोळीवाड्यात जायचे, कोळीवाड्यातली मासळीची कुटी खत म्हणून वाडीत यायची. त्यात दोस्ती झाली. नाखव्यानं नव्या जमान्याप्रमाणे होडीत इंजिन बसवलं होतं, तांबड्या रंगाचं. त्यावरचं नाव इंग्रजीत होतं, मला वाचता आलं नाही. माघातल्या एका दिवशी नाखवा जाळं सोडवायला काठावर वाकला आणि पाण्यात गेला. वारा नव्हता, दर्या ताटासारखा होता. होडीतल्या दोघांनी सूर्य बुडेपर्यंत शोधला. मग इंजिन चालू करून तसेच परत आले. नाखवा नंतरही मिळाला नाही.

आमच्या इथल्या कोळ्यांत एक मानतात. ज्या होडीवरून माणूस गेला, तिचं इंजिन परत पाण्यात घालायचं नाही. होडी नाखव्याच्या भावानं घेतली, तिला शीड लावलं. इंजिन काढून हिराबायच्या, म्हणजे नाखव्याच्या बायकोच्या, पडवीत गोणपाटाखाली ठेवलं. कोळी ते घेईना आणि कोळ्याशिवाय त्याचा उपयोग कुणाला? उन्हाळा गेला, पावसाळा गेला, गोणपाट तिथंच. शेवटी तिनंच काशीभाऊला बोलावून सांगितलं, ‘भाऊ, दर्यावर नको तर जमिनीवर तरी चालंल. घेऊन जावा. जाता-येता पायाला लागतं मना.’

काशीभाऊ नेहमी पटकन काही बोलायचा नाही. त्या दिवशी मात्र तिथल्या तिथं व्हय म्हणाला. घराला लागतील तेवढे नारळ वाडीतून न्यायचे, असं सांगून आला. हिराबायला एक मुलगी, तिचं लग्न होऊन ती मुंबईला. आता घरात एकटी, डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकायची.

हिरव्या इंजिनाच्या जागी तांबडं बसवायचं म्हणजे रेड्याच्या धडाला वाघाचं मुंडकं लावण्यातला प्रकार. खालची भोकं जुळेनात. काशीभाऊनं फणसाच्या दोन जाड फळ्या तासल्या, रेवदंड्याच्या लोहाराकडून पट्ट्या आणल्या आणि मधे पाट करून त्यावर इंजिन बसवलं. चाकाकडे जाणारा पट्टा भातगिरणीतून जुना मागून आणला. हे सगळं तो डाव्या हातानं करायचा. पाना उजव्या हातात धरून ठेवायचा, फिरवायचा डाव्यानं. प्रत्येक बोल्ट बसवायच्या आधी नाकाशी धरून वास घ्यायचा. कशाचा वास येतो विचारलं तर म्हणायचा, ‘लोखंडाचा. दुसरा कसला आला तर बघायला नको?’

पहिल्या दिवशी हँडल मारायच्या आधीच तमाशा. दर्यावरचं इंजिन वजनदार. काशीभाऊनं खालचे टेकू काढले आणि रेड्यानं तोंड जमिनीत खुपसलं. मागचे दांडे आभाळात. दांडे धरलेला काशीभाऊही पायाच्या चवड्यांवर आला. द्वारकी कुंपणाशी उभी होती. ती इतकी हसली की खाली बसली. मग म्हणाली, मागं वजन बांधा, आमचा पाटा घेऊन जावा. तो पाटा माझ्या आईचा. वाटायला असा जड की द्वारकीचे हात भरून यायचे. माझी आई तेव्हा जिवंत होती आणि ओटीवर बसून ऐकत होती. पुढे आठवडाभर चटणीला चव नाही म्हणून जेवण नाकारत होती. पाटा रेड्याच्या दांड्यांना बांधला गेला तो गेलाच. आमच्या घरात लहान पाटा आला आणि द्वारकीनं काशीभाऊला त्यासाठी जन्मभर दुवा दिला.

दुसरी चूक सगळ्या गावानं मिळून केली. इंजिन चालू व्हायचं म्हणून वाडीवाले जमले, कोळीवाड्यातले चार गडीही आले. हँडल मारलं, ठोके सुरू झाले, टाळ्या पडल्या. रेडा एक सरी गेला आणि गरम होऊन, धूर काढून बंद. कुणाला कळेना. वाडीवाले म्हणाले, कोळ्यांना ठाऊक असेल. कोळी म्हणाले, दर्यावर तर कधी असं झालं न्हाय. बराच वेळ सगळे डोकी खाजवत उभे. मग त्यातल्याच एका म्हाताऱ्या कोळ्यानं कपाळावर हात मारला. होडीत ते इंजिन नळीनं दर्याचं पाणी आत ओढून गार व्हायचं. दर्यात बसलेल्या माणसाला पाण्याची आठवण कशाला राहील? आणि आम्ही वाडीवाले सकाळ-संध्याकाळ झाडांना पाणी घालतो, पण लोखंडाला तहान लागते हे आम्हाला कुठलं सुचायला. काशीभाऊनं रॉकेलचा रिकामा डबा वर बांधला, त्यात विहिरीचं पाणी आणि खाली नळी. त्या दिवशी हिराबाय रेवदंड्याच्या बाजारात गेली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं त्यावर आहे.

डबा बांधल्यावर दोन दिवसांनी त्यानं परत हँडल मारलं. मी त्याच वाडीत, समुद्राच्या बाजूच्या सगळ्यात उंच माडावर होतो. द्वारकी खाली नारळ गोळा करत होती. वरून मला एका बाजूला कांद्याचा तुकडा दिसत होता, दुसऱ्या बाजूला वाळूची पुळण आणि तिच्या टोकाला कोळीवाडा. रेडा छान चालला होता. माती उलटत होती, काळी, ओली. काशीभाऊ मागून चालत होता आणि त्याचा खाली पडलेला खांदासुद्धा मला त्या दिवशी सरळ वाटला.

तेवढ्यात कोळीवाड्यातून एक बाई पळत बाहेर आली. पदर पडलेला, हात पिठाचे की कसले पांढरे. पुळणीवरून सरळ पाण्याकडे. गुडघाभर पाण्यात जाऊन थांबली आणि हात डोळ्यांवर धरून दर्याकडे बघायला लागली. मी ओळखलं, हिराबाय. मला वाटलं, कुणाची होडी उलटली. मीही दर्याकडे बघितलं. दर्यावर काही नव्हतं.

मग मला कळलं.

कोळीवाड्यातल्या बायकांना आपापल्या होडीचा आवाज ठाऊक असतो. दहा होड्या एकदम येत असल्या तरी आपली कुठली ते बाई चुलीपाशी बसून सांगते. त्याप्रमाणे उठते, पाटी घेते आणि पुळणीवर येते. हिराबायच्या पाठीमागे वाडीत तिच्या नवऱ्याचं इंजिन ठोके टाकत होतं, आणि ती पाण्यात उभी राहून पुढे बघत होती. वारा वाडीकडून दर्याकडे होता. आवाज कुठून येतोय हे तिला कळायला मार्ग नव्हता.

मी वरून ओरडलो, काशीभाऊ, बंद कर. त्याला ऐकू गेलं नाही. द्वारकीनं हातातले नारळ टाकले आणि धावत जाऊन त्याचा हात धरला. त्यानं झटक्यात बंद केलं. आवाज तुटला. तशी हिराबाय पाण्यात खाली बसली.

द्वारकी जाऊन तिला उठवून घरी घेऊन गेली. काशीभाऊ गेला नाही. रेड्याच्या चाकाशी मातीत बसला होता. मी उतरून आलो तर म्हणाला, ‘आपन सगळ्यांनी मिळून तिला बोलावलं, गोप्या.’

त्यानंतर तो रेडा अर्ध्या सरीत तसाच उभा. कांद्याची रोपं तयार होती, आठवडा उलटला तर वाया. मी म्हणालो, मी कुदळतो. तो म्हणाला, तू माडावर जा. दुसऱ्या कुणाला हातही लावू देईना. त्याच्या मनात एकच, आवाज बदलायचा. धुराच्या नळीला मडकं लावलं, ते फुटलं. बांबूचा लांब पोंगा लावला. मग खड्डा करून नळीचं तोंड मातीत पुरलं. हिराबाय बाजारात गेली की हे प्रयोग. द्वारकीला पुळणीवर उभं करायचा, ऐकून सांग म्हणायचा, नाखव्यासारखा वाटतो का. ती परत आली की तो तिच्या तोंडाकडे असा बघायचा, जसं काही वैद्याकडे दुखणं घेऊन आलाय. शेवटच्या वेळी ती म्हणाली, ‘काशीभाऊ, नाखवाच हाय. फक्त त्याला सर्दी झाली हाय.’

त्यावर तो हसला नाही. मान खाली घालून पाना उचलला आणि पहिला बोल्ट सैल करायला घेतला. इंजिन काढून टाकायचं ठरवलं होतं त्यानं. त्या वर्षीचा कांदा गेला म्हणायचा, आणि पुढच्याही वर्षीचा.

दोन बोल्ट निघाले असतील, हिराबाय डोक्यावर पाटी घेऊन वाडीत आली. कुणी बोलावली नव्हती. द्वारकी आणि मी कुंपणाशीच होतो, त्यामुळे सगळं ऐकलं. पुढचं बोलणं आम्ही दोघांनी पुढे इतक्या वेळा एकमेकांना सांगितलं की त्यात आता चूक राहिलेली नाही.

तिनं पाटी खाली ठेवली आणि विचारलं, ‘काय करताव भाऊ?’

‘काढतो, वैनी. तुमचं तुमी घेऊन जा. माझं चुकलं.’

‘मी काय म्हनले तुमाला, की चुकलं?’

काशीभाऊनं पाना खाली ठेवला.

ती म्हणाली, ‘आवाज आयला तवा मी तांदूळ धूत होते. एका मानसाचे. हातानं आपोआप आनखी मूठभर टाकले. तवा कळलं न्हाय मना. मग धावले. ते वाईट न्हाय वाटलं. तेवढा येळ घरात दोघं होतो. वाईट वाटलं ते तुमी बंद केलात तेचं. तो येतोय, येतोय, आनि मधेच तुटला. त्या दिवशी दर्यावर तसाच तुटला असंल ना तो? मना पुन्हा एकदा तेच झालं.’

‘मग मी काय करू, वैनी?’

‘लावायच्या आधी मना सांगा. दारात येऊन. म्हंजे मी धावनार न्हाय. आनि बंद करताना त्याच्यावानी करा. खाडीच्या तोंडाशी आला की तो आवाज बारीक करायचा. मग वाळूला लागताना आनखी बारीक. आनि मग बंद. म्हंजे तो लागला किनाऱ्याला, असं वाटंल.’

एवढं बोलून तिनं पाटी उचलली. जाताना वळून म्हणाली, ‘रोपं पिवळी पडली की तुमची.’

काशीभाऊनं ते दोन बोल्ट परत घट्ट केले. दुसऱ्या दिवशी सकाळी सदरा घालून कोळीवाड्यात गेला. एरवी तो वाडीत उघडाच असायचा. हिराबायच्या दारात उभा राहून म्हणाला, ‘वैनी, लावतो.’ आतून आवाज आला, ‘लावा, भाऊ.’ परत आला, सदरा काढून खुंटीला लावला, मग हँडल मारलं. आणि बंद करताना, मी माडावरून ऐकलं, आधी मोठा, मग बारीक, मग आणखी बारीक, दोन ठोके सुटे, आणि थांबला.

हे त्यानं एकदा केलं असतं तर मी कशाला लिहीत बसलो असतो? पुढची सगळी वर्षं केलं. रेडा चालवायचा त्या प्रत्येक दिवशी. अर्ध्या तासाच्या कामासाठीसुद्धा. पुळणीवरून तापलेल्या वाळूतून जायचा, सदरा घालून, विडी कानावर. मी एकदा म्हणालो, आता तिला ठाऊक आहे, रोज काय सांगायचं? सकाळी एखाद्या पोराबरोबर निरोप धाड. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला.

एकदा तिनं आतून सांगितलं, ‘आज नको.’ का, ते सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही. परत आला आणि रोपांवर ओल्या गोणपाटाची सावली करत बसला. दुसऱ्या दिवशीही ‘नको’. तिसऱ्या दिवशी ‘लावा’. त्या दोन दिवसांत निम्मी रोपं कोमेजली. मी चिडलो. तो म्हणाला, ‘नको म्हनायची सोय नसंल तर इचारायला कशाला जायचं?’

लोकांनी बोलायचं ते बोललेच. एकटा गडी, रांडाव बाई, रोज तिच्या दारात. रामेश्वराच्या देवळाच्या कट्ट्यावर एकानं तोंडावर विचारलं, काय काशिनाथ, कोळीवाड्यात रोज कसला नवस फेडतोस? काशीभाऊ शांतपणे म्हणाला, ‘दारात उभा राहतो, आत जात न्हाय. उद्या तुमी पन चला, दोघं उभे राहू. एकटं उभं राहायला मलाही बरं न्हाय वाटत.’ काशीभाऊ आणि हिराबाय एकमेकांच्या घरात कधी बसले, चहा प्यायले, असं मी बघितलं नाही. वरून मला सगळं दिसायचं. एवढंच होतं. एक लावतो म्हणायचा, एक लावा म्हणायची.

द्वारकीचं मत वेगळं होतं. ती म्हणायची, एवढं पुष्कळ झालं की. कित्येक नवरा-बायकोत एवढंसुद्धा नसतं. मी म्हणायचो, आपल्यात होतं का? ती म्हणायची, तुमी इचारून कुठली गोष्ट केलीत सांगा. यावर आमचं भांडण व्हायचं. आता मी सकाळी उठतो आणि चूल पेटवायच्या आधी घराकडे तोंड करून उगाच विचारतो, लावू का? कुणी लाव म्हणत नाही. तरी पेटवतो. काय करणार, चहा तर पाहिजे.

काही वर्षांनी हिराबायच्या गुडघ्यांनी दावा मांडला. पाटी होईना. मुलगी येऊन तिला मुंबईला घेऊन गेली. रेवसच्या धक्क्यापर्यंत काशीभाऊ आणि मी गेलो होतो, तिची बोचकी उचलायला. लाँचवर चढायच्या आधी तिनं काशीभाऊला सांगितलं, ‘आता दारात कोन न्हाय. आता बिनघोर लावा, भाऊ. कंदीबी लावा.’

काशीभाऊनं मान हलवली. त्यानं कानावरची विडी काढून हातात घेतली आणि पुन्हा कानावर ठेवली. लाँच सुटली.

त्या हिवाळ्यात रोपं तयार झाली आणि रेडा निघेना. पडवीत झाकून ठेवलेला. मला वाटलं बिघडला. विचारायला गेलो तर म्हणाला, काही बिघडलं नाही, हँडल मारलं की सुरू होईल. मग चालव की, मी म्हणालो. तिनं तर सांगितलंय, कधीही लावा म्हणून.

‘सांगितलंय खरं,’ तो म्हणाला. ‘पन ते एकदम सगळ्या दिवसांचं सांगितलं. मला तसं चालत न्हाय, गोप्या. मला रोजचं रोज लागतं.’

मी म्हणालो, अरे, पण आता ऐकणारं कोण आहे तिकडं?

‘म्हनून तर,’ तो म्हणाला.

मला त्याचा राग आला होता. खरं सांगतो, तेव्हा वेडेपणा वाटला. चांगलं यंत्र, चांगली रोपं, आणि हा माणूस हट्टाला पेटलेला. द्वारकीला येऊन सांगितलं, तर ती दुपारी डब्यात पेज घेऊन त्याच्याकडे गेली.

तो पुढच्या पावसाळ्याआधी गेला. झोपेत गेला, कुणाला त्रास न देता. पण मला तो आठवतो तो त्याच हिवाळ्यातला. मी समुद्राच्या बाजूच्या माडावर होतो. खाली कांद्याच्या तुकड्यात तो एकटा. कुदळ डाव्या हातात, उजव्यानं नुसती तिला टेकण दिलेलं. उगारता येत नव्हती, म्हणून गुडघ्यापर्यंत उचलायचा आणि तिच्या वजनानं खाली सोडायचा. चार घाव, मग बसायचा. मातीचं ढेकूळ हातात घेऊन फोडायचा, नाकाशी धरायचा. मग परत उठायचा. सकाळपासून झालं होतं ते एवढंसं, दोन माणसं जेवायला बसतील एवढी जागा. पण ती अशी सरळ उकरलेली की वरून दोरी धरल्यासारखी दिसत होती. त्याला घाई नव्हती. कुणाची वाटही बघत नव्हता.

माझे नारळ कधीच उतरवून झाले होते. द्वारकी खालून ओरडली, ‘अहो, येताय का तितंच ऱ्हाताय?’

मी म्हणालो, थांब जरा. त्याचा हा वाफा होऊ दे.